न मागता आलेलं

जगातल्या माणसांच्या दोन वाटण्या केल्या, न मागता आलेली वस्तू ठेवून घेणारे एकीकडे आणि ती परत करणारे दुसरीकडे, तर दुसऱ्या बाजूला आमचे व्याही एकटेच उभे दिसतील. तेही फार वेळ दिसणार नाहीत, कारण ही वाटणी त्यांनी मागितलेली नव्हती.

ते कळंबचे, माझ्या सुनेचे वडील. उभं आयुष्य मार्केट यार्डात धान्याच्या आडतीवर गेलं. आता गादीवर मुलगा बसतो आणि हे मोकळे असतात. त्यांच्याविषयी आमच्या दोन्ही घरांत एक किस्सा हसून सांगितला जातो. तो खोटा आहे, आणि खोटा आहे हे इतकी वर्षं फक्त मला आणि त्यांना ठाऊक होतं. माझ्या वयाला राहिलेली कामं उरकून घ्यावीत, म्हणून हे लिहायला बसलो. पण आधी माणूस कळला पाहिजे.

दिवाळीनंतर दुकानदार मंडळी गिऱ्हाइकांना कॅलेंडरं वाटतात. व्याही कॅलेंडर घेतात, त्यावरची दुकानाची जाहिरात कात्रीनं कापून त्याच दुकानदाराच्या हातात देतात आणि नुसत्या तारखा घरी नेतात. "तारखा पाहिजे होत्या, तुमचा फोटो न्हाय," एवढंच म्हणतात. रागानं नाही, अगदी मोजूनमापून. नवी मोटरसायकल घेतली तेव्हा टाकीवरची पट्टेरी चित्रं आणि अक्षरं रॉकेलच्या बोळ्यानं घासून काढली. आजही नवा मेकॅनिक गाडीला हात लावण्याआधी तिचं कूळ विचारतो. न्हाव्यानं दाढीनंतर डोक्यावर थापा मारून मालिश सुरू केली, की यांचा हात वर जातो, "सांगितली न्हवती." न्हावी थांबतो आणि अर्धं डोकं मालिश झालेले व्याही शांतपणे घरी येतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा मागितला होता. माझ्या बायकोनं सोबत बिस्किटं ठेवली. त्यांनी बशी हळूच माझ्याकडं सरकवली. तेव्हापासून ती त्यांना प्रत्येक गोष्ट आधी विचारते. एकदा तर "पाव्हणं, पंखा लावू का?" असं तिनं भर थंडीत विचारलं होतं.

न मागता आलेली एकच गोष्ट ते मुकाट्यानं पदरात घेतात, ती म्हणजे दोष. तोही फक्त आमच्याकडून. माझ्या मुलाच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत जनरेटर बंद पडला आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. हे हात जोडत आमच्या माणसांपुढं आले. "आमच्याकडनं कमी पडलं, सांभाळून घ्या." मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "अहो, जनरेटर आमचा हाय." तर म्हणाले, "मुलीच्या बापानं ते इचारायचं नसतंय." मला तेव्हा बरं वाटलं होतं. वरपक्षाला असलं ऐकून बरं वाटतंच.

मी परंड्याचा, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला. मोबाइलवर बोटाएवढी दिसणारी नात बघून आमचे डोळे दुखायला लागले, म्हणून मुलानं पुण्याहून येताना लॅपटॉप आणला. एक निळं चिन्ह दाखवून म्हणाला, "बाबा, हे दाबायचं, की आम्ही दिसू. दुसरं काही दाबू नका." आम्ही दुसरं काही दाबत नव्हतो, ते आपणहून उघडत होतं. यंत्र सुरू केलं की लाल पाटी यायची, तुमचा संगणक धोक्यात आहे, पैसे भरा. बायको हात जोडून लांब व्हायची. मग पत्त्यांचा खेळ यायचा. मग कुणीतरी आमचा अनुभव कसा होता ते विचारायचं. कोपऱ्यात कुठल्यातरी परदेशी गावाचं हवामान होतं. बाहेर परंड्यात पाखरं झाडाखाली चोच उघडी टाकून बसलेली आणि आमच्या लॅपटॉपात बर्फ पडतोय. या सगळ्यांच्या गर्दीतून नातीपर्यंत पोहोचायचं म्हणजे बाजारच्या दिवशी एसटीत चढण्यासारखं होतं.

व्याही एकदा बार्शीला कामासाठी आले ते आमच्याकडे वळले. त्यांनी ती लाल पाटी पाहिली.

"हे कुणी मागितलं होतं?"

"कुणीच न्हाय. घेतला तवाच आत होतं," मी म्हणालो.

"आत होतं म्हंजे? तुरीत खडे पण आतच असत्यात. शिजवता का?"

त्यांनी चष्मा पुसला, खिडकीपाशी सतरंजी टाकली आणि लॅपटॉप पुढ्यात घेऊन मांडी ठोकली. नको असलेलं काढून टाकायचं हे काम ते आपल्या मुलाकडून शिकले होते आणि कळंबात ओळखीच्या घरांतून त्यांना बोलावणं यायचं. सगळ्या अ‍ॅपांची यादी एका जागी उघडते, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, आता भराभर उपटतील. पण आडतीवर पोतं आलं की पोकळ सळई खुपसून मूठभर नमुना काढायचा, तळहातावर पसरून फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा, मग बोलायचं, ही त्यांची जन्माची रीत. ती त्यांनी इथंही सोडली नाही. प्रत्येक अ‍ॅप आधी उघडायचे, आत काय आहे ते बघायचे. पत्त्यांचा एक डाव खेळले, हरले. बर्फाच्या गावाचं हवामान पूर्ण वाचलं. "नमुना न बघता माल परत करू नये. कुणीतरी घाम गाळूनच बनवला असंल," हे त्यांचं म्हणणं. बघून झालं की माझ्याकडं वळायचे, "ठेवायचं का? माल तुमचा हाय." मी नाही म्हटलं की बटण दाबायचे आणि पुटपुटायचे, "या आता."

दर वेळी यंत्र विचारायचं, तुमची खात्री आहे का? व्याही हसायचे. "जाताना इचारतंय खात्री हाय का. घुसताना इचारलं होतं का?"

एका अ‍ॅपचं काढायचं बटण फिकट होतं, काही केल्या दाबलं जाईना. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं. "हे कूळकायद्यातलं दिसतंय. एक येळ मालक निघंल, पण हे न्हाय निघायचं."

बायकोनं आतून हाक मारली, "पाव्हणं, जेवून घ्या आधी. ते काय पळून जात न्हाईत."

"पळाले असते तर बसलो कशाला असतो?"

दिवस कलायला आला तेव्हा ते उठले. लॅपटॉप असा मोकळा झाला होता, जसं पाहुणे गेल्यावरचं घर. एक बटण दाबलं आणि समोर नात. ती त्यांचीही नात. दोघे आजोबा शेजारी शेजारी बसलेले पाहून तिनं विचारलं, "तुम्ही दोघं एकाच घरात राहायला लागलात का?" व्याही खूश होऊन गेले. जाताना सांगून गेले, "तिच्या शाळेचा कार्यक्रम हाय पुढच्या आठवड्यात. नाचणार हाय म्हणं. नीट बघा."

ते गेले आणि माझ्या हाताला खाज सुटली. दुसऱ्याला स्वच्छता करताना पाहिलं की आपल्यालाही झाडू घ्यावासा वाटतो, तसं झालं. मी यादी उघडली. नमुना बघायचा, विचारायचं, ही सगळी व्याह्यांची नाटकं असं माझं मत होतं. कचेरीत मी फायली वरच्यावर निकाली काढणारा माणूस. मुलानं मला निळं चिन्ह दाखवलं होतं, नाव नव्हतं सांगितलं. यादीत एक इंग्रजी नाव अनोळखी वाटलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का? मी म्हणालो, आहे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बायको चांगलं पातळ नेसून बसली. शेजारच्या दोघीतिघींना बोलावलं होतं. मी लॅपटॉप उघडला. निळं चिन्ह नव्हतं. कुठंच नव्हतं. मुलगा शाळेच्या सभागृहातून फोनवर दबक्या आवाजात सांगत होता, हे दाबा, ते दाबा, आणि मी चाचपडत होतो. शेवटी मोबाइलवर बघितलं. स्टेजवर पांढरं काहीतरी बोटभर हलत होतं. शेजारणी "छान, छान" म्हणाल्या आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी नातीनं विचारलं, "आजी, माझा मुकुट दिसला का?" बायको "व्हय" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली ती म्हणतच, "पाव्हण्यांनी उपटलं असणार. दिसंल ते काढत्यात."

मी काही बोललो नाही. एवढीच माझी गोष्ट आहे. बोलायला तोंड उघडलं होतं, पण वाक्य आयतं तयार होतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर होतं.

सुनेनं वडिलांना फोन केला. माझ्यादेखत तिनं त्यांना सुनावलेलं नाही, पण तिचा आवाज कसा लागला असेल हे मला कळतं. सासरच्या घरात वडिलांनी घोळ घातला, म्हणजे तिचीच मान खाली. पुढं व्याही आले तेव्हा मी लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आपण काय काढलं आणि काय ठेवलं, हे त्यांना पाठ होतं. आडत्याला कुणाचं पोतं कुठल्या थप्पीत गेलं ते पाठ असतं, तसं. एकदा चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग बायकोकडं वळून म्हणाले, "माझ्याच हातनं गेलं असंल. वय झालं आता. सांभाळून घ्या."

जनरेटर पुन्हा एकदा बंद पडला होता आणि तो पुन्हा आमचाच होता.

तेव्हापासून "कळंबच्या आजोबांपुढं लॅपटॉप ठेवू नका, आपल्यालाच अनइन्स्टॉल करतील" हा विनोद घरात चालू झाला. दिवाळीत, बारशात, कुठंही. व्याही सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. पण त्यांनी पुन्हा कुणाच्या यंत्राला हात लावला नाही. कळंबातली बोलावणीही बंद झाली. कॅलेंडर मात्र अजून कापतात.

निळं चिन्ह मुलानं पुढच्याच खेपेला परत बसवून दिलं होतं. परवा आमच्या लॅपटॉपनं आपणहून काहीतरी अपडेट केलं. सकाळी उघडतो तर सगळे परत. लाल पाटी, पत्ते, बर्फाचं गाव, सगळे जुन्या जागी बसलेले. मी बराच वेळ बघत राहिलो. मग बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडणं थांबवलं नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "आधी सुनंला सांगा. पाव्हण्यांना मागनं."

सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी मला एकदाही सांगितलं नाही हो." त्यानंतर फोन ठेवावा असं दोघांनाही वाटलं नाही.

लॅपटॉप पिशवीत घालून मी कळंब गाठलं. व्याह्यांची नजर आता पार मंदावली आहे. समोरचा माणूस आवाजानं ओळखतात. मी म्हणालो, "पाव्हणं, घरी सगळ्यांना खरं सांगून आलो. आणि ते सगळे परत आलेत."

पहिलं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसऱ्यानं ताठ झाले. "बर्फाचं गाव पण?"

"ते पण."

"बसा इथं. मला आता दिसत न्हाय. तुम्ही नाव वाचा, उघडून काय हाय ते सांगा, मी सांगतो. घाई न्हाय करायची."

मग मी वाचत गेलो आणि ते ऐकत गेले. प्रत्येकाला नमुन्यापुरता वेळ दिला. पत्त्यांचा डाव या वेळी मी खेळलो आणि हरलो. त्यांचं "या आता" पुन्हा ऐकलं. सुनबाईंनी, म्हणजे त्यांच्या, न विचारता चहासोबत शेव आणून ठेवली. व्याह्यांनी बोटांनी बशी चाचपली आणि माझ्याकडं सरकवली.

यादीत खाली खाली आलो आणि मी त्या निळ्या चिन्हाचं इंग्रजी नाव वाचलं. व्याह्यांनी हात पुढं केला, चाचपडत माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"ह्याला नको," म्हणाले. "हितं तुमचा हात घसरतोय."