उकंड्यावरची मारामारी

आमच्या पोंभुर्ण्याकडे मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण खतावरून रक्त सांडलेले एकदाच, आणि तेही इतक्या जवळून की माझाच एक दात गेला!

अंजनाबाई माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून घरामागच्या वांग्यांच्या वाडीवर तिचे पोट. दिराशी, लच्छूशी, वाटणी झाली. उकंडा, म्हणजे शेणखताचा उकिरडा, तेवढा सामाईक राहिला. मागल्या वर्षी तिची वांगी हिरवीगार असतानाच माना टाकून आठवड्यात मेली. तिने एक खोड कापून पेल्यातल्या पाण्यात धरले, तर दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला; ही मर रोगाची खूण. झाडे जाळायची म्हणून तिने रचून ठेवली. ती बाजाराला गेली, तेवढ्यात लच्छूने खत होईल म्हणून सगळी उकंड्यात लोटली.

यंदा मिरगाआधी त्याने उकंडा उपसला. पहिली खेप स्वतःच्या मिरचीच्या तुकड्यात टाकली आणि दुसरी गाडी तिच्या वाडीत आणली. उपकार करायला, बरं का!

"भाऊजी, गाडी माघारी वळव. मेलेलं वांगं हाय त्यात."

"वर्षभर कुजलं न वो वहिनी! आता काय भूत बनून येते?"

"त्या उकंड्यातून कधी वाफ तरी निघाली काय? गरमच नाई झाला तो, मंग रोग मरंल कसा?"

"मले खत शिकवते!" म्हणत तो खत ओतायला गाडी मागे उलार करू लागला.

बाईने गाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसली आणि त्याच्या मनगटावर घातली. कडाड! हाड मोडल्याचे मी कुंपणापलीकडून ऐकले. त्याने डाव्या हाताने फावडे भिरकावले, तिचा कान फाटला. मी "थांबा, थांबा" करत मध्ये शिरलो, तर पुढचा दांडा माझ्या जबड्यावर.

"तुमाले कोणं बोलावलं, भाऊ?" वर बाईचे हे!

मग तिने लच्छूला गाडीतल्या खतातच लोळवले. पाठ, मांड्या, खांदे, जिथे सापडेल तिथे दांडा. शेवटी छातीवर गुडघा.

"टाकशील माह्या वाडीत?"

"नाई वहिनी, नाई!"

कानाला पदर दाबून तिने स्वतः गाडी हाकली आणि त्याच्याच धानाच्या बांदीत रिकामी केली. धानाला हा रोग लागत नाही, हे तिला ठाऊक होते.

पोळ्यापर्यंत तिची वांगी लदलदली. लच्छूची मिरची मात्र त्याच रोगाने उभ्या उभ्या मेली. त्याने झाडे उपटली, भारा काखेत घेऊन निघाला.

"कुठी नेतो, भाऊजी?"

"जाळायले, वहिनी. जाळायलेच."

मोडक्या हाताने काडी ओढता येईना, तेव्हा तीच कुंपण ओलांडून आली आणि भारा पेटवून दिला.