सातव्या मजल्यावरचा दम

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाईंना सगळे काचताई म्हणत. पन्नाशी उलटलेली, हात स्थिर, जीभ तिखट. बाविसाव्या वर्षी त्यांनी एक गाणं रेकॉर्ड केलं होतं, 'सातव्या मजल्यावर'. कॅसेटला कुणी कुत्रं विचारलं नाही. वाजवणारे चौघं चार दिशांना पांगले आणि ताईंनी गाण्याचं नावच टाकलं. घरात विषय निघाला की त्या उठून ओट्याशी जात.

एका दुपारी भाची थेट दुकानात येऊन धडकली. "आत्या, हातातलं ठेव आधी!"

ती जुनी कॅसेट कुणीतरी इंटरनेटवर चढवली होती आणि तीन ठिकाणच्या लोकांनी ते गाणं आपापल्या परीने गायलं होतं. एक गिटारवाला, हॉटेलात गाणाऱ्या दोघी बहिणी, आणि एका शाळेतल्या शिक्षकांचा गट. ताई मोबाइल कानाशी धरून ऐकत राहिल्या. दुसऱ्या कडव्यात 'पायऱ्या' या शब्दाच्या मधोमध सगळेच थबकत होते. पाय... ऱ्या.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अगं, ती माझी चूक! दम संपला होता. स्टुडिओची वेळ संपली म्हणून तसंच राहिलं."

"लोकांना तीच जागा आवडते. वाच ना खाली! म्हणे, खरंच जिना चढल्यासारखं वाटतं."

ताई हसत सुटल्या, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं त्या एका शब्दापायी त्यांनी स्वतःला माफ केलं नव्हतं.

शिक्षकांचा गट गावातलाच निघाला. 'आत्याला तुमचं गाणं ऐकायचंय' एवढाच निरोप भाचीने परस्पर धाडला आणि शनिवारी ताई कुरकुरत शाळेत गेल्या. "फक्त ऐकायला आलेय हं, आधीच सांगते."

ताईंनी नाव सांगताच गट चालवणारे गणिताचे सर ताडकन उभे राहिले. "तुम्ही? आम्हाला वाटलं, तुम्ही..."

"गेले?" ताई म्हणाल्या. "नाही बाबा, अजून आहे!"

हशा पिकला आणि त्यातच कुणीतरी सूर धरला. पहिल्या ओळीला ताईंचा आवाज फाटला. तिसऱ्या ओळीपर्यंत तो लागला, आणि मग त्या थांबायलाच तयार नव्हत्या.

आता दर शनिवारी दुकानाचे मालक त्यांना तासभर आधी सोडतात. गटात त्या मागच्या रांगेत, भूगोलाच्या बाईंशेजारी उभ्या राहतात. सध्या नवीन गाणं बसवणं चालू आहे आणि त्याच्या चालीवरून ताईंचं नि गणिताच्या सरांचं दर वेळी वाजतं.