बेगम बाजारातली फेरमोजणी

वाडी स्टेशन मागे पडलं आणि डब्यातलं बोलणं बदलू लागलं. मराठीत कानडी मिसळली, मग तेलुगू आली, आणि सिकंदराबाद जवळ येईतो सगळे एकमेकांशी उर्दूत बोलत होते. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतरची ही पहिली जनगणना. मोजणी आटोपली होती. आता नमुन्यादाखल काही घरं निवडून ती पुन्हा तपासायची होती. पडद्यातल्या बायकांशी बोलायला बाई हवी, म्हणून पुण्याला संख्याशास्त्र शिकलेल्या मला बोलावणं आलं होतं.

उतरले चिक्कडपल्लीला, सुशीलामावशीकडे. तिच्या सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या निजामाच्या नोकरीत. तिचं मराठीही आता तिथलंच झालेलं. ‘हो’ला ती ‘हौ’ म्हणे. सकाळी तिनं खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं पातळ, आंबट कालवण) वाढला. मी तो पुन्हा मागून घेतला. जेवताना तिनं सांगून टाकलं, की माझ्या वाट्याची घरं होती त्या बेगम बाजारात ती बरोबर येणार. इथलं बोलणं तुला एकटीला कळायचं नाही. मला ते जरा लागलं. उर्दू मी शिकून आले होते.

पहिल्याच घरी मावशीचं खरं ठरलं. मालक कुठे आहेत असं विचारल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, ते परसों गेले. मी चटकन उठले आणि सुतकात त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. बाहेर आल्यावर मावशी पोट धरून हसली. हैदराबादेत परसों म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. त्या बाईंचा नवरा जाऊन कैक वर्षं झाली होती. वयाचंही तसंच. जन्मसाल कुणाला ठाऊक नसे. तुग्यानी (मुसी नदीचा १९०८ सालचा महापूर) आली तेव्हा मी पाळण्यात होते, असं कुणी सांगे, आणि त्यावरून आम्ही वय काढत असू.

मग मिरच्यांच्या खकाण्यानं शिंकत, हळदीच्या पोत्यांमधून वाट काढत आम्ही मागच्या गल्लीत शिरलो. तिथे हुसेनबी राहत होत्या. पहिल्या मोजणीत त्या घरात दोनच माणसं लिहिली होती, हुसेनबी आणि त्यांचा मुलगा. पण अंगणातल्या दोरीवर दोन इवलेसे झगे वाळत होते. कुणाचे म्हणून विचारलं, तर शेजारच्यांचे असं उत्तर आलं. तेवढ्यात आतल्या पडद्यामागून एक मूल खोकलं.

सांगितलं तेवढं लिहून मला निघता आलं असतं. त्याऐवजी मी खाली सतरंजीवर बसले आणि ही मोजणी कशासाठी ते त्यांना सांगितलं. आज मांडीवर किती मुलं आहेत हे कळलं, तर काही वर्षांनी शाळेत किती जागा लागतील, पुढे किती धान्य, किती घरं लागतील, याचा अंदाज बांधता येतो. पुष्कळ घरी लहान मुली सांगायच्या राहूनच जातात, आणि मग त्यांच्या शाळाही हिशोबातून गळतात. हुसेनबींनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी मावशीला हळूच विचारलं,

“नाम लिखे तो बच्चियों को वापस भेजते क्या?” (नावं लिहिली तर मुलींना परत पाठवतात का?)

मुली त्यांच्या भावाच्या नाती होत्या, मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस कारवाईच्या धामधुमीत आईबाप गेले आणि कुणीतरी त्यांना इथे आणून सोडलं. जनगणनेतलं नाव पोलिसालाही दाखवत नाहीत, तसा कायदाच आहे, असं मी सांगितलं. ते खरं होतं. पण परक्या मुलीच्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा? तेव्हा मावशीनं त्यांचा हात हातात घेतला.

“मैं चिक्कडपल्ली में रहती. कुछ हुआ तो बच्चियों को लेके मेरे घर आके रहो.”

हुसेनबींनी पडदा सारला. दोन्ही मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. सवयीनं मी मराठीतच नाव विचारलं, आणि थोरलीनं तडक मराठीत उत्तर दिलं.

“माझं नाव जैनब. ही मुन्नी. हिला अजून नीट बोलता येत न्हाई.”

मावशीनं पदर डोळ्यांना लावला. मुली कधी आल्या, हे विचारल्यावर हुसेनबी म्हणाल्या, परसों. या वेळी मी शहाणी झाले होते. किती रमजान झाले ते विचारलं. दोन झाले होते. म्हणजे मुली पाहुण्या नव्हत्या, घरच्याच होत्या. मी दोघींची नावं लिहिली. मग चहा आला, आणि मुन्नी मावशीच्या मांडीवर जी बसली ती उठेचना.

इतर घरांतही अशा मुली सापडल्या. आमच्या साहेबांनी दुरुस्त्या मान्य केल्या, आणि लहान मुलींचा एकूण आकडा वाढवून धरायचं ठरलं. मी निघाले तेव्हा मावशी जैनबला शाळेत घालायच्या खटपटीला लागली होती.

पुण्यात सगळे विचारतात, चारमिनार पाहिला का. पाहिला, पण टांग्यातून जाता जाता. सध्या मी पुढच्या लोकसंख्येचा अंदाज काढते आहे. रीत सोपी आहे. प्रत्येक वयाच्या गटाला पुढच्या रकान्यात सरकवायचं, आणि वाटेत जी माणसं मरतील ती वजा करायची. अगदी लहान मुलांच्या गटातून फार वजा करावं लागतं. पूर्वी ती वजाबाकी मी सहज करत असे. आता तिथे पेन थांबतं. वजाबाकी मी करतेच, कारण खोट्या आकड्यांवर शाळा उभ्या राहत नाहीत. पण माझा हा अंदाज चुकावा, धरल्यापेक्षा जास्त मुली जगाव्यात आणि त्यांना शाळेत बाकं कमी पडावीत, असं मला अगदी मनापासून वाटतं.