व्हायोलिन संपेपर्यंत

धसईच्या बाजारात भाजी विकून आलेल्या मावशी एसटीत शेजारी बसल्या. मी मोबाइलवर युरोपातलं जुनं संगीत ऐकत होतो. एक व्हायोलिन पुढे आणि बाकीची तंतुवाद्यं साथीला. त्यांनी हात पुढे केला, म्हणून एक इअरफोन दिला.

त्यांचा थांबा आला तेव्हाच पहिला भाग संपला. भजनानंतर जोडतात तसे हात जोडून त्या उठल्या. तेवढ्यात व्हायोलिन पुन्हा सुरू झालं. त्या परत बसल्या, गाडी निघालीसुद्धा.

"मावशी, तुमचा थांबा गेला."

"जाऊ दे रे. ती एकली जीव तोडून सांगतेय. मधेच उठला तं तिला काय वाटंल?"

शेवटी पुन्हा हात जोडत त्यांनी विचारलं, "आता झाला ना नक्की?"

मी हो म्हटल्यावरच त्या उतरल्या आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन आल्या वाटेने निवांत परत चालू लागल्या.