सासुरवाडीची अळी

सासुरवाडीला माझ्या हातून आजवर एकच शास्त्रीय प्रयोग झाला, आणि त्यात अळीची तब्येत सुधारली.

बीटी कापूस तेव्हा आमच्या बीडकडं नवाच आलेला. मी पाटोद्याला विज्ञानाचा मास्तर, म्हणजे सासरच्या घरात सगळ्यात शहाणा (हे माझं मत). पालीच्या सासऱ्यांना बीटी लावायची गळ मीच घातली.

"मामा, मातीत एक जिवाणू असतो. अळीला मारणारं विष तयार करायचा गुण त्याच्यात असतो. शास्त्रज्ञांनी तो गुण, म्हणजे जनुक, उचलून कापसात बसवलाय. अळीनं पान खाल्लं की खलास!"

"आन् बियाण्याच्या पिशवीतली ही बारकी पुडी कशाची?"

"साध्या सरकीची. ती शेताच्या कडेनं लावायची. तिथं साध्या अळ्या जगतात. आत एखादी विष पचवणारी निघालीच, तर तिची सोयरीक ह्या साध्यांशी होते आणि पुढची पिढी पुन्हा मरणारी निपजते."

मामा माझ्याकडं बघतच राहिले. "म्हंजी अळीला जेवू घालायचं, तिचं लगीन बी लावायचं? कावून?"

पण मी हट्टाला पेटलो. बांधावर उभं राहून ती पुडी कडेच्या ओळींत लावून घेतली, तेव्हाच घरी गेलो.

पुढं अधिक महिना आला आणि धोंड्याच्या जेवणाला मी बायकोसह पालीला गेलो. बघतो तर मामा ओसरीवर फवारणीचा पंप धूत बसलेले!

"शेजाऱ्याच्या कापसात अळी पडलीय. उद्या औषध मारतो."

"बीटीवर औषध? मग माझ्या शब्दाला किंमत काय?"

"तुमच्या शब्दावर चार एकर लावलंय, मास्तर. अळी मरती म्हंता ना? दावा मारून. तीन दिस थांबतो. न्हाई मेली, तर औषध मारणार. आन् पुढं ह्या घरात शेतीचं तुमी बोलायचं न्हाई!"

माझी सगळी अब्रू आता एका अळीच्या आतड्यात अडकली. शेजाऱ्याच्या रानातून एक पकडली, आपल्या शेतातून पानं तोडली आणि दोन्ही लोणच्याच्या बरणीत घालून तोंडाला फडकं बांधलं. मग ओसरीवर बसून येईल त्याला जनुक समजावू लागलो.

पहिल्या दिवशी अळीनं दोन पानं संपवली. "शेवटचा घास गोड करून घेतेय," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी ती इतकी गुबगुबीत झाली, की सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "पाव्हणीला अजून पानं आणू का?"

मला रडूच यायचं बाकी होतं. वीस वर्षं शिकवलेल्या विज्ञानावरचा माझाच विश्वास उडाला.

तेवढ्यात बायकोनं विचारलं, "पानं कुठून तोडली हो?"

"बांधावरून. आत लई चिखल होता, आणि मामांनी दिलेली नवी पांढरी पँट..."

"अहो, कडेला तर तुमीच साधी सरकी लावून घेतली ना!"

मामांनी पंप उचलला. मी अक्षरशः त्यांचे पाय धरले. "मामा, अजून तीन दिवस! फक्त तीन!"

मग पांढऱ्या पँटीसह गुडघाभर चिखलात शिरलो, पार मधल्या ओळीतलं पान आणलं. नवी अळी, धुतलेली बरणी. जागचा हललो नाही, येईल त्याला पुन्हा जनुक समजावत राहिलो, जेवणाचं ताटही बरणीशेजारी मागवलं. अळीनं दोनदा तोंड लावलं, खाणं सोडलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेली! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. बरणी नाचवत मी मामांकडं धावलो.

मामांनी आत डोकावून अळी नीट न्याहाळली.

"मेली खरी. पण पानानंच मेली कशावरून? तीन दिस तुमी तिच्या उशाला बसून बोलत व्हता, मास्तर. आमाला तर एका जेवणात जीव नकोसा होतो!"