किल्लीला गंध

आमच्या समोरच्या घरात सुनेत्राकाकू आणि विनयकाका राहतात. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या या गल्लीत कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाच्या मुलाला कोणत्या कॉलेजने नाही म्हटलं, हे आधी मला कळतं आणि मग सगळ्यांना. सुवर्णा, म्हणजे आमची सौ., म्हणते की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं आहे. पण समोरच्या गॅरेजातल्या गाडीबद्दल कुणी विचारलं की मी पहिला अर्धा भाग हसवून सांगतो आणि चहा थंड होतोय म्हणून उठतो. आज पूर्ण सांगतो.

विनयकाका चौऱ्याहत्तरचे. उभा जन्म पंप डिझाइन करण्यात गेला. बोलणं मोजकं, शर्ट कायम इस्त्रीचा आणि देवाशी पक्कं वाकडं. मंडळाच्या गणपतीत आरती सुरू झाली की हे बाहेर पार्किंग लॉटमध्ये. "आटोपलं की हाक मार रे, मोदकांशी माझं भांडण नाही," असं मला सांगून जायचे. काकूंचं छोटंसं देवघर जेवणघराच्या कोपऱ्यात आहे. तिथला बल्ब गेला तर तोही काका बदलत नसत. "त्या डिपार्टमेंटचं मेंटेनन्स माझ्याकडे नाही."

तीनेक वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी नावं, मग वार. एका सोमवारी टाय लावून प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेन पकडली आणि केव्हाच सोडलेल्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. तिथवर आम्ही हसलो. मी तर नक्कलही करून दाखवायचो. मग रूट वन हायवेवर, भर गर्दीत, मधल्या लेनमध्ये त्यांनी टोयोटा थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मागच्या ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक मारला.

रेडमंडहून अंतराचा, त्यांच्या मुलीचा, कॉल आला. "आई, टेक द कीज. आजच. ही विल किल समबडी. नाहीतर स्वतःला."

काकूंनी किल्ल्या देवघरात ठेवल्या, अन्नपूर्णेच्या मागे. मला म्हणाल्या, "राजेश, याहून सेफ जागा घरात नाही. लग्न झाल्यापासून इकडे फिरकले नाहीत ते."

तो विनोद मी पार एडिसन गावापर्यंत पोचवला.

किल्ल्या गेल्या तसे काका खुर्चीतल्या खुर्चीत वाळायला लागले. डॉक्टर म्हणाले, हातांना जुनं काम द्या, हातांचं विसरणं उशिरा सुरू होतं. काकूंना बर्मिंगहॅम आठवलं. तरुणपणी काका तिथे ट्रेनिंगला होते आणि घरमालकाच्या शेडमध्ये त्याच्याबरोबर सुट्या भागांची एक स्पोर्ट्स कार जोडत बसायचे. ती पुरी व्हायच्या आत अमेरिकेचा व्हिसा आला. त्या गाडीत ते एकदाही बसले नाहीत.

मग काय! ज्या काकू ऑनलाइन किराणा मागवायलाही मला हाक मारायच्या, त्या इंग्लंडमधल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर जाऊन चॅसीचे फोटो मागू लागल्या. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी इथे आणताना एअरबॅग वगैरे सुरक्षेच्या नियमांची कटकट नसते, हे त्यांनीच मला शिकवलं.

"म्हणजे जितकी धोक्याची तितकी आणायला सोपी?" मी म्हटलं.

एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसणाऱ्या काकू हसल्या नाहीत.

गाडी डर्बीजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे सापडली. नवऱ्याने हौसेने घरी जोडलेली, एकोणीसशे नव्वदच्या आसपासची. लेस्टरला राहणारा काकूंचा भाचा अनिश बघून आला.

"मावशी, ही गाडी नाहीये यार, बाथटबला चाकं लावलीत. दारं नाहीत, छप्पर नाही. एक कोपरा तर मी एकट्याने उचलून बघितला!"

"इंजिन?"

"बंद. तिचा नवरा गेल्यापासून कुणी हातच लावला नाही."

"मग हीच."

त्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर एकच गोष्ट विचारली. तुमचे मिस्टर जपून चालवणारे आहेत ना? काकू म्हणाल्या, फार जपून.

जूनमध्ये कंटेनर न्यूअर्कच्या बंदरात उतरला आणि दोन-चार खेटे घातल्यावर गाडी ट्रकवर चढून आमच्या गल्लीत आली. सगळे जमले. "काकू, पावसात हिला खुंटीला टांगून ठेवा," मी म्हटलं. गल्ली खिदळली. तेवढ्यात काका बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, कडेवरून टांग टाकून उजव्या बाजूला बसले, कारण तिकडची गाडी, स्टिअरिंग उजवीकडे, आणि बोलायला लागले. कार्ब्युरेटर कसा सोडवायचा, कुठला पाइप आधी कुजतो, सगळं धडाधड. किती दिवसांनी त्या माणसाची सलग चार वाक्यं ऐकली. काकू ट्रकच्या आड जाऊन पदराने डोळे पुसत होत्या.

नंबर प्लेट घ्यायची नाही, गाडी रस्त्यावर आणायची नाही, नुसती गॅरेजात दुरुस्त करायची, असं ठरलं. किल्ली देवघरात गेली.

उन्हाळाभर गाडी बरी होत गेली आणि काकाही. मला खटकायचं ते हेच. ब्रेक झाले, पेट्रोलची नळी बदलली, आणि काकांना माझं नाव आठवायला लागलं. वायरिंग झालं, तर अंतराचा वाढदिवस आठवला. पण बंद गाडीत बसून ते स्टिअरिंग फिरवायचे तेव्हा तोंडाने हळूच पुटपुटायचे, "डावीकडून... डावीकडून..." इथे तर उजवीकडून चालवतात. ते कुठल्या देशात गाडी चालवत होते, देव जाणे.

मी काकूंना गाठलं. "एक चाक काढून माझ्याकडे ठेवू?"

"त्यांना कळेल रे. मग परत खुर्चीत जाऊन बसतील."

"बसू देत की."

"तू बघितलं नाहीस ते बसणं," काकू म्हणाल्या.

सप्टेंबरातल्या एका सकाळी समोरून घंटेचा आवाज आला. दही मागायचं निमित्त करून मी गेलो, तर विनयकाका! उघड्या अंगाने देवघरासमोर बसून चंदन उगाळतायत. लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेले मंत्र, एक अक्षर न अडखळता.

"काय काका, म्हातारपणी पार्टी बदलली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हळू बोल. बाबा झोपलेत आत. पूजा झाल्याशिवाय चहा नाही मिळायचा."

काका एकेक देव उचलून ताम्हनात धूत होते, पुसत होते, जागेवर ठेवत होते. बाळकृष्ण झाला. अन्नपूर्णा झाली. मग तिच्या मागची ती बारकी किल्ली. तीही त्यांनी धुतली, कोरडी केली, गंध लावलं, जास्वंदीची पाकळी वाहिली आणि होती तिथे ठेवली.

टोयोटाची किल्ली तिथे नव्हती. ती काकूंनी कणकेच्या डब्यात हलवली होती. ही मात्र तशीच.

"ही विसरलात?" मी कुजबुजलो.

"देवांतला एक कमी झाला तर ते शोधत बसतात," काकू म्हणाल्या आणि दही आणायला आत गेल्या. विसरल्या की ठेवली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑक्टोबरात इंजिन तयार झालं. काकूंनी स्वतः किल्ली आणून दिली, गाडी फुरफुरली, गॅरेज धुराने भरलं. काकू उभ्या राहून पाहत होत्या. मग किल्ली परत घेऊन गेल्या.

आणि मग ती सकाळ. मी अंगणातली पानं गोळा करत होतो. कोपऱ्यावर पोरं स्कूल बसची वाट बघत उभी. समोर नेहमीसारखी घंटा वाजली, थांबली. आणि गॅरेजचं दार वर जाऊ लागलं.

गाडी बाहेर आली. आत काका, थंडीत उघडे, कपाळावर गंध. ड्राइव्हवेच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी चाक डाव्या अंगाला वळवलं. मी खराटा टाकून ओरडत धावलो. तेवढ्यात काकू आल्या, केसांना टॉवेल गुंडाळलेला, पायात काही नाही. त्या ओरडल्या नाहीत. गाडीसमोर उभ्या राहिल्या. गाडी थांबली.

"किती उशीर, सुनेत्रा!" काका म्हणाले.

"झालंच," असं म्हणून काकू वळसा घालून त्यांच्या शेजारी बसल्या.

"काकू, उतरा! काका, उजवीकडून! राइट साइड!"

काकूंनी माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने कोपऱ्याकडे गेली आणि वळली. मग बसचा भोंगा, लांबलचक. मी डोळे मिटून पुढच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. इंजिनची घरघर लांब लांब जात राहिली. सुवर्णा फोन हातात धरून दारात उभी होती. "पोलिसांना लावू का? अहो, बोला ना!" नेमकं तेव्हाच माझं तोंड उघडेना.

ते परत आले. तसेच, डाव्या बाजूने. काकूंचा टॉवेल कुठे उडून गेलेला, केसांत पानं, एक आरसा मुळापासून तुटलेला. काका उतरले, गाडीकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाले, "कुणाची रे ही? आमच्या दारात का लावलीय?"

दुपारी मी गाडीची बॅटरी काढून माझ्या गॅरेजात आणून ठेवली. काकू हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. हिवाळाभर काका खुर्चीत होते. माझं नाव गेलं, अंतराचं गेलं. पूजा तेवढी राहिली, आणि किल्लीला रोजचं गंध. समोर घंटा वाजली की मी हातातलं टाकून खिडकीशी जायचो. बॅटरी माझ्याकडे आहे हे माहीत असूनही.

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे काकू.

"राजेश, माझी बॅटरी चार्जिंगला आहे ना तुझ्याकडे?"

ती माझ्याकडे आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या काहीतरी सबब सांगतील, नेतील त्यांना परत. पण काकूंचा चेहरा सोळा वर्षांच्या मुलीसारखा फुलला होता.

"बघ! आठवलं त्यांना! नावासकट!"

"काकू," मी हळूच म्हटलं, "त्या दिवशी बस होती..."

"आज रविवार आहे. बस नाही." त्यांच्या दंडाला दोन हेल्मेटं लटकत होती. नवीकोरी, लेबलंही काढलेली नव्हती. "दे ना, राजेश."

काकांनी हात पुढे केला. मुठीत किल्ली होती. तिच्यावरचं गंध अजून ओलं होतं.