गरजेपेक्षा मोठी मोटर

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या ज्या लहानशा कारखान्यात मी इंजिनिअर होते, तिथे आम्ही मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करणारं एक यंत्र बनवलं होतं. विजेची फ्रिक्वेन्सी बदलली की मोटर त्या मानाने हळू किंवा जोरात फिरते, एवढंच त्यामागचं तत्त्व. आम्ही त्याला ड्राइव्ह म्हणायचो. कपाटाएवढा होता तो. सोलापूरच्या एका सूतगिरणीत तो बसवून चालवून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्या दोघा इंजिनिअरांची लग्नं नुकतीच झाली होती आणि मला घरी अडवणारं कुणी नव्हतं.

गिरणीत सूत तुटू नये म्हणून सूतकताईच्या खात्यात सतत ओलसर हवा सोडावी लागते. त्यासाठी शेजारच्या खोलीत एक मोठा पंखा होता. थंडीत एवढी हवा लागत नसे, तेव्हा झडपा अर्ध्या मिटून घेत. मोटर मात्र पूर्ण वेगाने घरघरत राही. ड्राइव्ह लावला की पंखाच सावकाश फिरवता येणार होता आणि वीज वाचणार होती.

मी गिरणीजवळच एका लिंगायत कुटुंबात खोली घेतली होती. माणसं चांगली होती. घरात आपसात कानडी चालायचं. मी आले की सगळे माझ्यासाठी मराठीत बोलायला लागत आणि मग बोलणंच आटपून जाई. गिरणीतही तसंच. कँटीनमध्ये मी शिरले की पुरुष गप्प होत. रीळ खात्यातल्या बायका तेलुगूत हसतखिदळत डबे खायच्या. मी जाऊन बसले तेव्हा त्यांनी पदर सारखे केले आणि 'साहेब, चटणी घ्या' म्हणून वाटी पुढे केली. त्यानंतर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पंख्याच्या खोलीतच डबा खायला लागले.

तिथे गिरणीचे इलेक्ट्रिक मास्तरही जेवायचे. साधे वायरमन म्हणून लागले आणि चढत चढत मास्तर झाले होते. बायको वारलेली, डबा खानावळीचा. पंख्याच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. ते एका भिंतीशी बसत, मी दुसऱ्या. जेवण झालं की ते मान हलवत, मीही हलवत असे.

पहिल्या चाचणीला ड्राइव्हचे फ्यूज उडाले. बदलले, पुन्हा उडाले. पुण्याला ट्रंककॉल लावला, तर आमचे साहेब म्हणाले, "दुरुस्त कर, नाहीतर घेऊन ये परत." मी मोजमापं घेत बसले. दोष ड्राइव्हच्या जोडणीत नव्हता. आम्ही तो पंख्याला लागणाऱ्या ताकदीच्या हिशोबाने निवडला होता, आणि पंख्याला बसवलेली मोटर त्याच्या दुपटीने मोठी होती. मोठी मोटर थोडं काम करतानासुद्धा नुसतं फिरत राहायलाच बराच करंट ओढते, आणि ड्राइव्हवर चालवली की त्या करंटचे झटके लहान मोटरपेक्षा मोठे येतात. आमच्या ड्राइव्हला ते झेपत नव्हते. याहून मोठा ड्राइव्ह आम्ही बनवलेलाच नव्हता. उपाय एकच होता, मोटर लहान लावायची. तशी एक मोटर गिरणीच्या स्टोअरमध्ये पडून होती.

मास्तरांना बाहेर व्हरांड्यात नेऊन मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"न्हाय बाई," ते म्हणाले. "मोटर काढायची न्हाय."

"मास्तर, पंख्याला एवढी लागतच नाही. तुम्ही स्वतः मोजून बघा."

"मोजलंय की. लागत न्हाय, मला ठावं हाय."

"मग?"

त्यांनी अंगणाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "आदी लहानच हुती. मी मास्तर झालो त्याच साली मे म्हैन्यात जळाली. पंखा बंद, सूत तुटाय लागलं, खातं बंद केलं. माणसं बिनपगारी घरी धाडली. आमच्या चाळीतलीच लई हुती. तवापास्नं माझ्याशी कुणी धड बोलंना. पुन्यांदा असं नगं म्हणून दुप्पट मोटर मागून घेतली."

त्यांना आकडे दाखवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, "मोठी मोटर गिरणीबाहेर नको न्यायला. इथेच भिंतीशी ठेवू. जुना स्टार्टरही तसाच राहू दे, म्हणजे ड्राइव्हशिवायही ती चालवता येईल. उन्हाळ्यात काही झालंच, तर तुम्ही त्याच दिवशी ती परत चढवा."

"हितंच ऱ्हाईल?"

"इथेच."

"मग बगू," ते म्हणाले. सकाळी आले ते चेन-पुली आणि चार माणसं घेऊनच.

लहान मोटर बसली. मी ड्राइव्ह सुरू केला, फ्यूज टिकले. हळूहळू वेग उतरवत नेला, तसतशी घरघर खाली आली आणि खोलीत नुसती हवेची सळसळ उरली. मास्तर मोटरवर तळवा ठेवून उभे होते. "गार हाय," ते म्हणाले. एवढीच पावती मिळाली.

त्या दुपारी जेवताना पहिल्यांदाच एकमेकांच्या घासाचा आवाज ऐकू येत होता. दोघंही अवघडलो. मग त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं, बाई?"

"कुणी नाही. आई गेली मागच्या वर्षी."

"व्हय," ते म्हणाले. थोड्या वेळाने आपण होऊन सांगू लागले. बायको कशाने गेली, मुलगी कुर्डुवाडीला दिली, जावई रेल्वेच्या वर्कशॉपात आहे, मुलगी ये ये म्हणते पण आपल्याला जाववत नाही. मीही बोलले, आईच्या आजारपणाबद्दल, जे पुण्यात कुणाला सांगितलं नव्हतं. डबे कधीच संपले होते.

पण काम झालं होतं. साहेबांचा निरोप आला आणि मला दोन दिवसांत निघावं लागलं.

उन्हाळा सरल्यावर तपासणीसाठी मी पुन्हा सोलापूरला गेले. लहान मोटर सगळा मे महिना बिनतक्रार चालली होती. मास्तर मात्र निवृत्त होऊन मुलीकडे गेले होते. त्यांच्या जागी आलेला तरुण हुशार होता. त्याने सगळं नीट दाखवलं आणि जेवायला कँटीनमध्ये गेला.

परतताना गाडी कुर्डुवाडीला बराच वेळ थांबली. मी फलाटावर उतरले. चहा घेतला. मुलीचं सासरचं आडनाव मला माहीत नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं. वर्कशॉपची पाळी सुटली असावी. निळ्या कपड्यातली माणसं घोळक्याने पूल ओलांडत होती. त्यांतल्या एखाद्याला विचारावं म्हणून मी दोन पावलं पुढे झाले. काय विचारणार होते? शिट्टी झाली तशी कप ठेवला आणि डब्यात येऊन बसले.